खाडा, कासव आणि महिन्याचं पान

ज्यांना कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोलताना झालेले "अं" आणि "ॲक्चुअली" काढून टाकलेत, दोन-चार वाक्यं सरळ केलीत, बाकी तेच.

आजचा विषय आहे बुलेट जर्नल. त्यातही फक्त एकच पान: महिन्याचं. महिना संपत आला की रील्स सुरू होतात, तुम्ही पाहिल्या असतीलच. कोरी डॉटेड वही, शेजारी कॉफी, ब्रश पेन, रंगीत चिकटपट्ट्या, आणि मग महिन्याची 'थीम'. एप्रिलला गुलाबी साकुरा. ऑक्टोबरला लालभडक मेपलची पानं. डिसेंबरला बर्फ, पाइनची झाडं, एखादा कोल्हा. या सगळ्याच्या मधोमध तीस-एकतीस छोटे चौकोन: पाणी किती प्यायलो, व्यायाम झाला का, किती तास झोपलो, मूड कसा होता.

हे करणारे माझ्या ऑफिसात निदान चार जण आहेत, आणि दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाने संध्याकाळी कागदावर फूल काढलं तर त्यात नाक मुरडण्यासारखं काहीच नाही. पण या पानाचा इतिहास शोधायला बसलो तेव्हा एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. महिन्याचं पान आणि निसर्ग यांची जोडी शेकडो वर्षं जुनी आहे. फक्त त्या जुन्या वह्यांमध्ये चौकोनांत निसर्ग असायचा. आज चौकोनांत मी आहे आणि झाड समासात गेलंय. हा बदल कसा झाला, त्याची ही गोष्ट.

आधी बुलेट जर्नल म्हणजे काय, ते पटकन सांगतो. रायडर कॅरल हा न्यूयॉर्कचा डिजिटल प्रॉडक्ट डिझायनर. लहानपणापासून त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकणं अवघड. स्वतःपुरती वहीची एक पद्धत त्याने वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केली आणि २०१३ मध्ये ती इंटरनेटवर टाकली. कामाला ठिपका, कार्यक्रमाला गोल, नोंदीला आडवी रेघ. झालेल्या कामावर फुली. राहिलेलं काम पुढच्या महिन्यात न्यायचं असेल तर बाण. त्याचं महिन्याचं पान तर इतकं साधं की बघून हसू येईल: डावीकडे एकाखाली एक तारखा आणि वारांची आद्याक्षरं, उजवीकडे त्या महिन्याच्या कामांची यादी. संपलं. फूल नाही, पान नाही. सजावट नंतर आली, वापरणाऱ्यांनी आणली.

आणि खरं सांगू का, हॅबिट ट्रॅकर आपल्याला नवीन नाहीच. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय आठवा. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं, आणि तेव्हापासून किती घरांत त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिला गेला असेल! अर्धा लिटर जास्त घेतलं, दूधवाला आला नाही, कामवाल्या मावशींचा खाडा. 'खाडा' हा शब्द मला फार आवडतो. एका चौकोनात एक छोटी फुली, महिनाअखेरीला मोजदाद. रील बनवण्यासारखं काही नाही, पण सिस्टीम म्हणून निर्दोष.

आता मागे जाऊ. बरंच मागे.

महिन्याचं पान निसर्गचित्रांनी सजवायची हौस युरोपात मध्ययुगातही होती, पण ती परवडायची कोणाला, तर ड्यूक लोकांना. फ्रान्समधल्या बेरीच्या ड्यूकसाठी लिम्बुर्ग बंधूंनी १४१२ च्या सुमारास एक प्रार्थनापुस्तक रंगवायला घेतलं. त्यात बारा महिन्यांची बारा पानभर चित्रं आहेत. फेब्रुवारीत बर्फाने झाकलेलं शेत आणि शेकोटीशी बसलेली माणसं, जूनमध्ये गवत कापणाऱ्या बायका-पुरुष, आकाशात राशी. १४१६ मध्ये ड्यूक आणि तिघे भाऊ, सगळेच वारले. पुस्तक अपुरं राहिलं आणि इतरांनी नंतर पूर्ण केलं. चित्रं अप्रतिम आहेत. पण त्या पानांवर ड्यूकने "आज पहिली कोकिळा ऐकली" असं काही लिहिलेलं नाही. ते बघायचं पान होतं.

लिहायचं पान हवं असेल तर आपल्याला १७६७ मध्ये इंग्लंडला जावं लागेल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. एक सॉफ्टवेअरवाला म्हणून या माणसांच्या मी प्रेमात आहे.

डेन्स बॅरिंग्टन नावाचे एक न्यायाधीश होते. सगळ्यात नाक खुपसणारा माणूस. १७६५ मध्ये लंडनला आलेल्या लहानग्या मोझार्टची त्यांनी स्वतः परीक्षा घेतली होती, पोरगं खरंच इतकं हुशार आहे की बाप बनवाबनवी करतोय हे बघायला. त्याच बॅरिंग्टननी 'नॅचरलिस्ट्स जर्नल' नावाची छापील वही काढली. उघडली की आखलेले रकाने. एका पानावर एक आठवडा. रकाने कोणते, तर थर्मामीटर, बॅरोमीटर, वारा, पाऊस, हवामान. मग पुढे: कोणत्या झाडाला पहिली पालवी आली, कोणतं रोप पहिल्यांदा फुललं, कोणता पक्षी किंवा किडा पहिल्यांदा दिसला किंवा दिसेनासा झाला, मासे आणि इतर प्राण्यांविषयी काही, आणि शेवटी 'किरकोळ निरीक्षणं'.

हे टेम्पलेट बघून मला आधी हसू आलं, मग जरा थक्कच झालो. आठवड्याचं स्प्रेड, आखलेले ट्रॅकर, शेवटी नोट्सचा रकाना. फक्त मूड ट्रॅकर तेवढा नाही.

या वहीची एक प्रत बॅरिंग्टननी हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावच्या एका पाद्र्याला दिली. त्याचं नाव गिल्बर्ट व्हाइट. व्हाइट तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा. १७५१ पासून तो बागेची वही लिहीत होताच: काकड्या कधी लावल्या, टरबुजांना खत किती घातलं वगैरे. १७६८ च्या जानेवारीत त्याने ही छापील वही भरायला सुरुवात केली आणि १७९३ च्या जूनमध्ये, मरणाच्या काही दिवस आधीपर्यंत भरत राहिला. पंचवीस वर्षं. लग्न केलं नाही, लांबचे प्रवास फारसे केले नाहीत. एक गाव, एक टेकडी, एक बाग. त्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

'दिसला, दिसेनासा झाला' हा रकाना का होता, ते समजून घ्यायला हवं, कारण त्यामागे त्या काळातला एक चांगलाच पेटलेला वाद होता. हिवाळ्यात पाकोळ्या, स्वॉलो वगैरे पक्षी जातात कुठे? काही म्हणत, लांबच्या उबदार देशात. काही शहाणी माणसं शपथेवर सांगत की ते तळ्याच्या तळाशी किंवा भिंतींच्या भोकांत झोपून राहतात. खुद्द बॅरिंग्टन स्थलांतराच्या विरोधी पार्टीत. व्हाइट आयुष्यभर दोन्हीकडे झुलत राहिला. कारण नोव्हेंबरमध्ये मधूनच एखाद्या उबदार दिवशी त्याला एखादा पक्षी दिसायचा, आणि मग वाटायचं, हा जवळपासच कुठे तरी लपलेला असणार. त्याला उत्तर मिळालं नाही. पण दरवर्षी पहिली तारीख आणि शेवटची तारीख मात्र तो लिहीत गेला. उत्तर माहीत नसताना फक्त टाइमस्टॅम्प टाकत राहणं, हे ज्यांनी कधी प्रॉडक्शनमधला विचित्र बग शोधलाय त्यांना कळेल.

याच सवयीतून त्याच्या कानाला एक शोध लागला. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन छोटे हिरवट पक्षी, सगळे त्यांना एकच समजत. व्हाइटने त्यांच्या गाण्यावरून ओळखलं की हे तीन वेगळे आहेत.

आणि ते कासव! व्हाइटच्या एका मावशीकडे, की आत्याकडे (इंग्रजीत सगळ्या एकच, त्यामुळे मराठीत माझी पंचाईत), टिमथी नावाचं कासव होतं. १७८० मध्ये ती वारली, तेव्हा व्हाइटने मातीत गाढ झोपलेलं कासव उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैल लांब स्वतःच्या घरी आणलं. मग त्याच्या नोंदी सुरू. आज जमिनीतून बाहेर आलं. आज खाल्लं. आज परत माती उकरायला लागलं. वजन इतकं. वर्षानुवर्षं! व्हाइटच्या मृत्यूनंतर साधारण वर्षभराने तेही गेलं. त्याचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, आणि नंतर त्या कवचाचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की टिमथी मादी होती. व्हाइटला हे कधीच कळलं नाही.

एक नोंद मात्र अंगावर काटा आणणारी आहे. १७८३ चा उन्हाळा. २३ जूनपासून २० जुलैपर्यंत सेलबोर्नवर एक विचित्र धुकं पसरलं होतं. भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज, उगवताना-मावळताना रक्तासारखा लाल, आणि उकाडा असा की कापलेलं मांस दुसऱ्या दिवशी खाण्यालायक राहत नव्हतं. गावकरी घाबरले. त्या जूनमध्ये आइसलंडमध्ये लाकी ज्वालामुखीच्या भेगा फुटल्या होत्या आणि त्याचा विषारी धूर युरोपभर पसरला होता. आज त्या आपत्तीचा अभ्यास करणारे लोक व्हाइटच्या नोंदींकडे वळतात. काकडी आणि कासवाच्या वहीत त्या धुक्याला जागा होती, कारण 'हवामान' आणि 'किरकोळ' हे रकाने रोज उघडे होते.

व्हाइटच्या शेवटच्या वर्षांत त्याचा एक पत्रमित्र झाला, रॉबर्ट मार्शम. हा नॉरफकचा जमीनदार. याने तर १७३६ मध्येच सुरुवात केली होती. वसंताच्या सत्तावीस खुणा ठरवल्या: अमुक फूल, ओकची पालवी, पहिली कोकिळा, बेडकांचं पहिलं डरावणं. दरवर्षी फक्त तारीख लिहायची. त्याच्यानंतर मुलाने, मग नातवाने, असं करत करत, मध्ये काही खंड पडले तरी, घराण्याने ही यादी १९५८ पर्यंत चालवली. दोनशेहून जास्त वर्षं, एकच टेबल. ऋतूंच्या अशा तारखा नोंदवण्याच्या शास्त्राला आज फेनॉलॉजी म्हणतात आणि मार्शमला इंग्लंडात त्याचा आद्य पुरुष मानतात. मला इथे मार्शमपेक्षा त्याच्या पणतवंडांचं कौतुक वाटतं. दुसऱ्याने आखलेला रकाना भरणं, तेही लाइक्स नसताना.

मध्येच एक छोटा फ्रेंच ब्रेक घेऊ, कारण 'निसर्ग थीम'चा याहून भव्य प्रयोग जगात झाला नसेल.

१७९३. राज्यक्रांती ऐन भरात. जुनं कॅलेंडर धर्माचं, राजांचं, फेकून द्या. नवीन बारा महिने, प्रत्येकी तीस दिवस, आणि नावं ठेवायला नेमला फाब्र द'एग्लांतीन नावाचा कवी-नाटककार. त्याने नावं दिली ती अशी: धुक्याचा महिना ब्रुमेअर, बर्फाचा निवोज, अंकुरांचा जेर्मिनाल, फुलांचा फ्लोरेआल, उष्म्याचा थर्मिदोर. रोजच्या तारखेवरचे संत काढले आणि तिथे झाडं-भाज्या बसवल्या. त्यासाठी पॅरिसच्या वनस्पती उद्यानाच्या माळी-शास्त्रज्ञाची मदत घेतली. दर पाचवा दिवस एखाद्या प्राण्याचा, दर दहावा एखाद्या अवजाराचा. किती गोड! पण आठवडा केला दहा दिवसांचा, म्हणजे सुट्टी सात दिवसांऐवजी दहा दिवसांनी, आणि लोक वैतागले. शिवाय ही सगळी धुकं-बर्फं पॅरिसच्या हवेची; देशाच्या दक्षिणेला समुद्रकाठी राहणाऱ्याने डिसेंबरअखेरीला कुठला बर्फ बघायचा? नेपोलियनने १८०६ च्या १ जानेवारीपासून ते बंद केलं. फाब्रला त्याआधीच, १७९४ च्या ५ एप्रिलला, गिलोटिनवर चढवलं होतं. त्याच्याच कॅलेंडरप्रमाणे तो जेर्मिनालचा सोळावा दिवस, आणि त्याने त्या दिवसाला दिलेली वनस्पती होती लेट्यूस.

थीम आधी ठरवली आणि हवा नंतर बघितली की काय होतं, त्याचं हे जरा टोकाचं उदाहरण. डिसेंबरात पुण्यात बसून वहीत बर्फ काढताना मला हा माणूस हमखास आठवतो.

आता अटलांटिक ओलांडू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं कॉन्कर्ड गाव. इथला हेन्री डेव्हिड थोरो तुम्हाला 'वॉल्डन'मुळे माहीत असेल, किंवा गांधीजींनी त्याचा सविनय कायदेभंगावरचा निबंध वाचला होता म्हणून. पण त्याची एक बाजू फार कमी लोकांना माहीत असते. त्याच्या घरचा धंदा होता पेन्सिली बनवण्याचा, आणि त्याने स्वतः त्या पेन्सिलीचं शिसं सुधारलं होतं. पोटापाण्यासाठी तो जमिनीची मोजणी करायचा. म्हणजे स्टेशनरी आणि मोजमाप, दोन्ही घरचंच.

१८५० नंतर त्याला नोंदींचं वेड लागलं. रोज तीन-चार तास चालायचं, दलदलीत, रानात. त्याच्या हॅटच्या आत त्याने एक छोटी फळीसारखी सोय केली होती, त्यावर गोळा केलेली रोपं ठेवायची. डोक्याचा ओलावा त्यांना ताजं ठेवतो असं त्याचं म्हणणं. थोरो गेल्यावर इमर्सनने त्याच्याबद्दल सांगितलं की हा माणूस म्हणायचा, मला गुंगीतून या दलदलीत जागं केलंत तर नुसती रोपं बघून मी आजची तारीख दोन दिवसांच्या फरकाने सांगेन.

आणि मग शेवटच्या दोन-तीन वर्षांत, क्षयाने खंगत असताना, त्याने जे केलं ते माझ्या मते महिन्याच्या पानाच्या इतिहासातलं सगळ्यात देखणं डिझाइन आहे. त्याच्याकडे वीस लाखांच्या आसपास शब्दांची रोजनिशी होती. तारखेप्रमाणे, ओळीने, सलग. पण "एप्रिल कसा असतो?" या प्रश्नाचं उत्तर अशा रोजनिशीत एका जागी मिळत नाही, दहा वह्यांमध्ये विखुरलेलं असतं. म्हणून त्याने मोठे कागद घेतले. एका महिन्याला एक तक्ता. डावीकडे उभी यादी: नदीचं पाणी किती चढलं, पहिला मेघगर्जनेचा पाऊस, पहिल्यांदा कोट न घालता बाहेर पडलो, संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून बसलो. वर आडवी वर्षं: १८५२, १८५३, पुढे १८६० च्या आसपासपर्यंत. आणि चौकोनांत तारखा, दोन-चार शब्द. जुन्या वह्या चाळून चाळून तो हे भरत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर, त्याने लॉग फाइलवरून पिव्हट टेबल बनवलं. हाताने.

बघा, 'कोट न घालता बाहेर पडलो' हाही एक रकाना आहे. म्हणजे माणूस त्यात आहेच. पण तो झाडांच्या, नदीच्या रांगेत उभा आहे, त्यांच्यातलाच एक म्हणून.

बारा महिन्यांचे तक्ते पूर्ण झाले नाहीत. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. कागद वेगवेगळ्या संग्रहांत विखुरले आणि बराच काळ लोकांना ते म्हणजे एका लेखकाच्या उतारवयातला रुक्ष छंद वाटला.

मग २००३ च्या सुमारास बॉस्टन विद्यापीठातले रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचा विद्यार्थी अब्राहम मिलर-रशिंग हवामानबदलाचा परिणाम दाखवणाऱ्या जुन्या नोंदी शोधत होते, आणि त्यांच्या हाती थोरोच्या फुलांच्या तारखा लागल्या. ते कॉन्कर्डला गेले आणि त्याच जागी, तीच फुलं, वर्षानुवर्षं तपासत राहिले. निष्कर्ष असा की नेहमीच्या ४३ जातींची फुलं थोरोच्या काळापेक्षा सरासरी सात दिवस आधी उमलतायत. आणि थोरोने नोंदवलेल्या वनस्पतींपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक जाती आता कॉन्कर्डमध्ये सापडतच नाहीत. त्या नाहीशा झाल्या हे कळतं, कारण त्या होत्या असं कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

याच जातीचं आणखी एक उदाहरण, आणि ते साकुराचंच आहे. जपानमध्ये क्योतोच्या राजदरबारातल्या माणसांच्या रोजनिश्यांमध्ये चेरी फुलल्याच्या, फुलं बघत मेजवानी झाल्याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. त्या जोडून बनवलेली तारखांची मालिका बाराशे वर्षांची आहे. २०२१ मध्ये क्योतोची चेरी २६ मार्चला पूर्ण बहरली. त्या सगळ्या मालिकेत इतकी लवकर ती कधीच बहरली नव्हती. तेव्हा साकुराचं चित्र काढणाऱ्यांनो, जरूर काढा, पण ते फूल म्हणजे जगातला एक सगळ्यात जुना डेटासेट आहे हेही लक्षात असू द्या.

मग झाड समासात गेलं कधी? याला एक तारीख देता येत नाही, पण एक वही दाखवता येते.

ईडिथ होल्डन ही इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ राहणारी चित्रकार. एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. १९०६ साली तिने 'नेचर नोट्स' नावाची वही केली. प्रत्येक महिन्याला एक सुरुवातीचं पान: महिन्याचं नाव कुठून आलं, त्यातले सण, त्या महिन्याबद्दलच्या म्हणी. मग कवितांचे उतारे, तारखांनुसार नोंदी, आणि चहूबाजूंनी जलरंगातली फुलं, पक्षी, अंडी, फुलपाखरं. आज कोणी हे पान पोस्ट केलं तर तुम्ही बेधडक म्हणाल, वा, काय बुजो स्प्रेड आहे! इतकं ते आजचं वाटतं. पण तिचं प्रत्येक चित्र त्या आठवड्यात खरोखर दिसलेल्या गोष्टीचं आहे. शेजारी तारीख आहे, जागा आहे, सायकलवर किती लांब गेले ते आहे. चित्र म्हणजेच नोंद.

ईडिथ १९२० मध्ये लंडनजवळ क्यू इथे थेम्स नदीत बुडून गेली. चेस्टनटच्या कळ्यांची फांदी ओढून घेताना तोल गेला असं सांगतात. एकोणपन्नास वर्षांची नव्हती ती. वही घरातच राहिली, आणि १९७७ मध्ये 'कंट्री डायरी ऑफ ॲन एडवर्डियन लेडी' या नावाने छापली गेली. लाखो प्रती खपल्या. मग त्या चित्रांचे कप आले, चादरी आल्या, वॉलपेपर आले, टीव्ही मालिका आली. तारखा गळल्या, फुलं उरली. माझ्या मते बुलेट जर्नलच्या 'बोटॅनिकल थीम'चं थेट घराणं शोधायचं तर ते या चादरींपर्यंत पोचतं. वहीपर्यंत पोचत नाही.

आता घरी येऊ.

आपल्याकडे महिन्याचं पान शब्दांत लिहून ठेवलंय दुर्गाबाई भागवतांनी. 'ऋतुचक्र' वाचलं नसेल तर वाचा; चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांवर लेख, आणि झाडांकडे इतकं बारकाईने बघणं की आपण तोच रस्ता रोज आंधळ्यासारखे तुडवतो अशी शंका यावी. याच दुर्गाबाई १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या.

पण डेटाच्या दृष्टीने बघितलं तर चांद्रमासांची एक अडचण आहे. अधिक महिना येतो आणि चैत्र-वैशाख इंग्रजी तारखांच्या तुलनेत पुढे-मागे सरकतात. "वैशाखाच्या पंचमीला बहावा फुलला" ही यंदाची आणि पुढच्या वर्षीची नोंद शेजारी ठेवली तर फरक फुलाचा की पंचांगाचा, ते कळणार नाही. गंमत म्हणजे आपल्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. सूर्य मृगात जातो तो दरवर्षी ७-८ जूनच्या आसपासच. पंधरवड्याहून थोडी लहान, साधारण तेरा-चौदा दिवसांची एक खिडकी, आणि प्रत्येकीला स्वभाव: पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा म्हणजे हत्तीचा गडगडाटी. आजोबा "मृग कोरडा गेला" म्हणतात तेव्हा तो एका ट्रॅकरमधला रिकामा चौकोनच असतो. फक्त कागदावर नसतो, त्यामुळे आजोबांबरोबर जातो.

तर माझं महिन्याचं पान मी कसं आखतो, ते सांगतो. विषय निघालाच आहे तर.

डावं पान कॅरलचं, जसंच्या तसं. तारखा, वार, कामं. पाणी आणि झोपेचे चौकोनही ठेवा, माझे आहेत. फक्त शेजारी एक अरुंद उभा रकाना एका झाडासाठी. एकच झाड, रोज समोरून जातो ते. माझ्यासाठी ते बसस्टॉपवरचं ताम्हण आहे. राज्यफूल आपलं, पण फुललेलं असल्याशिवाय कोणी ओळखत नाही. रकान्यात एकेक अक्षर: क म्हणजे कळी, फु म्हणजे फूल, श म्हणजे शेंग किंवा फळ, प म्हणजे नवी पालवी. काही बदल नसेल तर आडवी रेघ. बघितलंच नसेल तर खाडा. रेघ आणि खाडा यांत गल्लत करायची नाही, कारण 'शून्य' आणि 'माहिती नाही' हे दोन वेगळे आहेत. ज्यांनी नलमुळे रात्र जागवली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

उजवं पान थोरोचं. डावीकडे आठ-दहा खुणांची उभी यादी, वर पाच वर्षांचे रकाने. चार कोरे. हो, कोरेच दिसतात पहिल्या वर्षी, आणि फोटोत अजिबात चांगले दिसत नाहीत. जूनच्या पानावर माझ्याकडे आहेत: पावशाचं शेवटचं ओरडणं, पहिला चातक, मातीवर मृगाचा लाल मखमली किडा, काजवे, सोसायटीच्या भिंतीवर पहिलं शेवाळ, गेटजवळच्या बहाव्याचं शेवटचं फूल, आणि थोरोच्या कोटाला मान देऊन 'पंखा बंद करून झोपलो'. फेब्रुवारीच्या पानावर पळस, पांगारा, काटेसावर. ऑक्टोबरच्या पानावर सातविणीचा तो डोकं उठवणारा वास पहिल्यांदा कुठल्या रात्री आला ते.

आणि चित्र? ते मी पहिल्या तारखेला काढत नाही. पानाच्या वर चार ओळींची जागा मोकळी सोडतो आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी, त्या महिन्यात खरंच जे दिसलं त्यातलं एक काढतो. माझं चित्र वाईट असतं. गेल्या वर्षीचा चातक कावळ्यासारखा दिसतो, पण शेजारी तारीख आहे त्यामुळे भागतं.

ज्यांना वहीच्या पलीकडे जायचंय त्यांच्यासाठी सीझनवॉच नावाचा भारतभर चालणारा प्रकल्प आहे. एक झाड निवडायचं, आठवड्यातून एकदा त्याची पानं-फुलं-फळं किती ते कळवायचं. शाळेतली मुलंही त्यात आहेत. आपल्याकडे मार्शमसारखी दोनशे वर्षांची घराणेशाही नसेल, पण दोनशे सोसायट्या नक्की आहेत.

तुमच्या जूनच्या यादीत काय असेल ते व्हॉइस नोटवर कळवा. कोकणातल्या, विदर्भातल्या लोकांनी तर नक्कीच. तिकडचा जून आणि इकडचा जून एक नसतो. बाहेरगावी असणाऱ्यांनो, तुमच्या खिडकीतल्या मेपललाही बंदी नाही, तो तिथे खराच आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.